गरम चीज डिप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पार्टीसाठी घरी गरम चीज डिप करणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. साधे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. तुमचं डिप आत्ता या क्षणी गॅसवर फुटलं असेल तर आधी गॅस बंद करा आणि थेट प्रश्न ८ वाचा.

१. आठ-दहा जणांसाठी किती सामान घ्यायचं?

सोबत इतर खाणं असेल तर माणशी ६० ते ७५ मिलि डिप पुरतं. त्या हिशेबाने २५० ग्रॅम चीज, ४०० मिलि दूध, २५ ग्रॅम लोणी, २५ ग्रॅम मैदा (साधारण तीन सपाट टेबलस्पून), पाव चमचा मोहरीची पूड आणि थोडी मिरी घ्या. मीठ यादीत मुद्दामच नाही. चीजमध्ये ते भरपूर असतं, म्हणून सगळं झाल्यावर चाखून मगच ठरवायचं. मोहरीची पूड मात्र गाळू नका. तिची चव वेगळी कळत नाही, पण चीजची चव उठून येते आणि पाणी व स्निग्धांश एकत्र धरून ठेवायलाही ती हातभार लावते.

२. नेमकं करायचं कसं?

चीज आधी किसून बाहेर ठेवा. फ्रिजमधून काढलेलं थंडगार चीज टाकलं की पातेल्यातलं सगळंच एकदम गार होतं, मग आपण घाईने आच वाढवतो आणि तिथेच गडबड होते.

जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर लोणी वितळवा, मैदा घाला आणि दोनेक मिनिटं परता. कच्चा वास गेला पाहिजे, रंग मात्र बदलता कामा नये. आता दूध थोडं थोडं घाला. पहिल्या पळीभर दुधाने पातेल्यात कणकेसारखा गोळा होतो. घाबरू नका, तो तसाच व्हायला हवा. घोटत राहा आणि दुसरी पळी घाला. गोळा सैल होत गेला की उरलेलं दूध एकदम ओतलं तरी गुठळ्या होत नाहीत. ढवळत ढवळत उकळी आणा आणि उकळी आल्यावर आणखी दोन मिनिटं शिजू द्या.

आता गॅस बंद. पातेलं खाली उतरवा, मिनिट-दोन मिनिटं थांबा आणि मूठभर चीज घाला. ते पूर्ण विरघळलं की दुसरी मूठ. चार-पाच खेपांत सगळं चीज आत जातं. शेवटची मूठ विरघळेना तर अगदी बारीक आचेवर अर्धा मिनिट ठेवा, पण उकळू देऊ नका. पळी बुडवून बाहेर काढा आणि तिच्या पाठीवरून बोट फिरवा. रेघ तशीच राहिली की डिप तयार.

या सगळ्यात लक्षात ठेवायची गोष्ट एकच: मैद्याला आणि चीजला लागणारी आच वेगवेगळी आहे. मैद्यातला स्टार्च पूर्ण फुलायला उकळीच्या जवळपासचं, म्हणजे ९०-९५ अंश सेल्सिअस तापमान लागतं. बहुतेक मऊ चीज मात्र ५५ ते ६५ अंशांतच वितळतं. म्हणून दूध-मैदा आधी उकळून घ्यायचा आणि चीज फक्त त्याच्या उरलेल्या उष्णतेवर वितळवायचं. खालचे निम्मे प्रश्न हा क्रम चुकल्यामुळेच येतात.

३. चीज कोणतं घ्यावं?

कोवळं चेडर, गौडा किंवा माँटेरी जॅक. ही कमी मुरलेली, ओलसर चीज सहज आणि एकजीव वितळतात. नुसती घेतली तर चव मिळमिळीत वाटते, म्हणून तीन भाग कोवळ्या चीजला एक भाग मुरलेलं चीज घाला: जुनं चेडर, ग्रुयेर किंवा पर्मेझान. महागातलं मुरलेलं चीज नुसतंच वापरलं की डिप भारी होईल असं अनेकांना वाटतं. होतं उलटंच.

चीज म्हणजे केसीन या प्रथिनाचं जाळं. कॅल्शियम ते जाळं बांधून ठेवतं, आणि स्निग्धांश व पाणी त्यात अडकलेलं असतं. चीज मुरतं तसे त्यातले एन्झाइम प्रथिनांचे तुकडे करत जातात. चव त्यातूनच येते, पण जाळ्याची पकड ढिली होते आणि पाणीही कमी झालेलं असतं. असं चीज तापलं की तेल सोडायला वेळ लावत नाही.

मोझरेला वेगळ्या कारणाने टाळा, त्याबद्दल प्रश्न १० पाहा. ब्लू चीज आवडत असेल तर एवढ्या मापात ३०-४० ग्रॅम पुरे, नाहीतर दुसरी चव लागतच नाही.

४. पनीर, रिकोटा किंवा फेटा घातला तर?

पनीर आणि रिकोटा कितीही तापवले तरी वितळणार नाहीत. ही आम्लाने फाडलेल्या दुधाची चीज. आम्लामुळे कॅल्शियम निघून जातं आणि प्रथिनं एकमेकांना घट्ट चिकटतात. मग उष्णतेने ती सैल होत नाहीत, उलट त्यांतलं पाणी निघून जाऊन ती कोरडी पडतात. फेटाही नीट वितळत नाही. तयार डिपवर त्याचा चुरा भुरभुरला तर छान लागतो, मूळ चीज म्हणून मात्र नको.

५. पाकिटातलं तयार किसलेलं चीज चालतं का?

चालतं, पण डिप तितकं मऊसूत होत नाही. किसाचे तंतू एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यावर स्टार्चचा किंवा सेल्युलोजचा हात फिरवलेला असतो. पिझ्झावर ते कळत नाही, डिपमध्ये जिभेला किंचित पिठूळ लागतं. वडी आणून घरी किसायला पाच मिनिटं लागतात, तेवढं कराच. पाकीट फोडलंच असेल तर मैदा थोडा कमी घ्या.

६. प्रोसेस्ड चीज किंवा स्लाइस वापरणं म्हणजे फसवणूक ना?

अजिबात नाही. प्रोसेस्ड चीज जन्मालाच आलं ते तापवलं तरी फुटू नये या खटपटीतून. स्वित्झर्लंडमधल्या थून गावात वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी १९११ मध्ये चीजमध्ये सायट्रेटचे क्षार घालून ते वितळवलं आणि ते फुटलं नाही. पुढे १९१६ मध्ये अमेरिकेत जेम्स क्राफ्ट यांनी स्वतःच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. स्लाइसमध्ये हे क्षार आधीच असतात, आणि तुमच्या डिपलाही तेच हवे असतात.

म्हणून २५० ग्रॅममधले ५० ग्रॅम प्रोसेस्ड चीज घेतलं तर बाकीचं चीज सांभाळून घेतलं जातं. पहिल्यांदाच करणाऱ्यांना मी हेच सुचवेन. सगळंच प्रोसेस्ड घेतलं तर डिप कधीच फुटणार नाही, पण चव स्लाइसचीच लागेल.

७. मैद्याऐवजी कॉर्नफ्लोअर घालू का? आणि आटवलेल्या दुधाची जी पाककृती सगळीकडे दिसते ती कशी करायची?

कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा पांढरा स्टार्च, पिवळं पीठ नव्हे. त्याने डिप जास्त चकचकीत होतं आणि चीजची चवही स्वच्छ लागते. मैद्याचं डिप दिसायला थोडं मंद, पण पार्टीत तासभर ठेवायचं असेल तर मला तेच जास्त भरवशाचं वाटतं.

आटवलेल्या दुधाची रीत अशी: २५० ग्रॅम किसलेल्या चीजला एक टेबलस्पून कॉर्नफ्लोअर नीट चोळून घ्या. पातेल्यात ३५० मिलि इव्हॅपोरेटेड मिल्क घाला, त्यात हे चीज टाका आणि मंद आचेवर सतत ढवळत राहा. पाचेक मिनिटांत बारीक बुडबुडे येऊन ते दाटतं. इथे चीज बुडबुडे येईपर्यंत तापतं, मग प्रश्न २ मधल्या नियमाचं काय? आटवलेल्या दुधात प्रथिनं दाट असतात, शिवाय चीजच्या प्रत्येक तंतूवर स्टार्च असतो. त्या दोघांच्या जोरावर ते तगतं. साध्या दुधात हाच प्रकार करून पाहू नका.

डबा घेताना वाचून घ्या. कंडेन्स्ड मिल्क वेगळं, ते साखरेचं असतं. दोन्ही डबे दिसायला सारखे असतात आणि घोटाळा पहिल्या घासालाच कळतो.

८. डिप फुटलं! वर तेल आणि खाली चोथा. आता?

आच जास्त झाली आणि प्रथिनं आकसून एकत्र आली, त्यामुळे स्निग्धांश बाहेर पडला. बहुतेक वेळा ते वाचवता येतं.

पातेलं उतरवा. दोन टेबलस्पून थंड दूध घालून जोरात घोटा. तापमान उतरलं की बऱ्याचदा तेल पुन्हा आत जातं. तेवढ्याने भागलं नाही तर एक चमचा कॉर्नफ्लोअर थोड्या दुधात कालवा, दुसऱ्या पातेल्यात पाव कप दूध उकळून त्यात घाला आणि दाट करून घ्या. मग फुटलेलं डिप त्यात एक एक पळी घालत घोटा. दाट दुधात फुटलेलं डिप घालायचं, उलट नाही. हाताशी हँड ब्लेंडर असेल तर तो वीस सेकंद फिरवला की काम सोपं होतं. एखादी प्रोसेस्ड स्लाइस घातली तरी फरक पडतो, कारण प्रश्न ६ मध्ये आहेच.

वर आलेलं तेल चमच्याने काढून टाकू नका. तोच स्निग्धांश परत आत घ्यायचा आहे.

९. तेल सुटलं नाही, पण डिप रवाळ लागतं. तेही दुरुस्त होतं का?

आधी कारण ओळखा. बोटांत चिमूटभर घेऊन चोळा. कण मऊ असतील आणि पिठासारखे पसरत असतील तर मैदा कच्चा राहिला आहे किंवा तयार किसाचा परिणाम आहे. मैदा कच्चा असला तरी आता उकळून उपयोग नाही, कारण आत चीज आहे. मंद आचेवर थोडं जास्त वेळ ठेवून आणि गाळून जितकं सुधारेल तितकं.

कण रबरासारखे, बोटाखाली न मोडणारे असतील तर ती आकसलेली प्रथिनं. ती पुन्हा पूर्ववत होत नाहीत. ब्लेंडरमध्ये बारीक करून जाड गाळणीतून काढा. अगदी मऊसूत नाही झालं, तरी वाढण्याजोगं होतं. अशा वेळी वर परतलेला कांदा-मिरची घातली की कुणी रवाळपणाची चौकशी करत नाही.

१०. माझं डिप दोरीसारखं ताणतं आणि शेवटी पातेल्यात एक गोळाच उरतो. असं का?

मोझरेला किंवा एमेंटालसारखं ताणलं जाणारं चीज जास्त झालं. त्यांतलं कॅल्शियमने बांधलेलं लांब जाळं ढवळताना एका दिशेला ओढलं जातं आणि तारा होतात. पिझ्झावर त्याच तारांची मजा असते, डिपमध्ये मात्र पहिला पाहुणा अर्धं भांडं आपल्या चिपबरोबर उचलून नेतो. ताणलं जाणारं चीज एकूण चीजच्या पाव भागाहून जास्त घेऊ नका, आणि गोल गोल ढवळण्याऐवजी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं ढवळा. गोळा होऊ लागला असेल तर पुढच्या प्रश्नातला लिंबाचा उपाय करून पाहा.

११. लिंबू, वाइन किंवा बिअर घातल्याने दूध फाटत नाही का?

थोडं आम्ल उपयोगाचंच असतं. सायट्रिक किंवा टार्टारिक आम्ल चीजमधल्या कॅल्शियमला पकडतं, त्यामुळे जाळं सैल होऊन डिप वाहतं राहतं. स्विस फाँड्यूमध्ये, म्हणजे पाव बुडवून खायच्या वितळलेल्या चीजमध्ये, पांढरी वाइन असते त्याचं एक कारण हेच. एवढ्या मापाला एक चमचा लिंबाचा रस शेवटी घाला. जास्त झाला तर मात्र दूध खरंच फाटेल.

वाइन वापरायची तर दूध वगळा. वाइन गरम करून त्यात कॉर्नफ्लोअर चोळलेलं चीज मुठीमुठीने घालायचं. बिअर निम्मी आणि दूध निम्मं चालतं. बिअर आधी ओतून तिचा फेस बसू द्या. कडवट बिअर आटली की आणखी कडू होते, म्हणून हलकी घ्या. लहान मुलं खाणार असतील तर हा प्रकार त्यांच्यासाठी नको. थोडा वेळ शिजवल्याने सगळं अल्कोहोल उडत नाही.

१२. सोडियम सायट्रेटबद्दल फार ऐकलं. ते घालावं का?

हौस असेल तर जरूर. प्रोसेस्ड चीज ज्यामुळे फुटत नाही तेच हे, फक्त पुडीत मिळतं. त्यातलं सोडियम कॅल्शियमची जागा घेतं, प्रथिनं पाण्यात मोकळी होतात आणि तीच स्निग्धांशाला धरून ठेवतात. मैदा लागत नाही, दूधही लागत नाही, पाण्यातसुद्धा होतं.

२५० मिलि दूध किंवा पाण्यात १० ग्रॅम सोडियम सायट्रेट विरघळवा, ते वाफाळू लागलं की २५० ग्रॅम चीज थोडं थोडं घाला आणि ब्लेंडरने एकजीव करा. याच रीतीत जुनं, मुरलेलं चीज पूर्णपणे वापरता येतं, कारण प्रश्न ३ मधली अडचणच उरत नाही. माप वजनकाट्यावरच घ्या. जास्त झालं तर खारट-आंबट चव येते. वरून मीठ बहुधा लागतच नाही. आणि सायट्रिक आम्लाची पुडी ही वेगळी वस्तू, ती याच्या जागी चालणार नाही.

१३. टोमॅटो, मिरची, मका, पालक केव्हा घालायचं?

सगळं शेवटी, आणि पाणी काढून. टोमॅटोच्या बिया व रस काढा, फोडी गाळणीत थोडा वेळ निथळू द्या. पालक उकळत्या पाण्यातून काढून मुठीत घट्ट पिळा. एवढ्याशा जुडीतून किती पाणी निघतं ते पाहून नवल वाटेल, आणि ते सगळं नाहीतर डिपमध्ये गेलं असतं. कांदा, लसूण, मिरची मात्र सुरुवातीला लोण्यात परतून घेतलेली बरी.

१४. पार्टी तीन तास चालणार. डिप गरम कसं ठेवू?

सगळं एकदम बाहेर ठेवू नका. निम्मं वाढा, निम्मं किचनमध्ये गरम ठेवा आणि बाहेरचं संपत आलं की बदला. भांडं जड घ्या, त्यात आधी उकळतं पाणी घालून ठेवा आणि वाढण्यापूर्वी ओतून कोरडं करा.

सतत गरम ठेवायचं तर स्लो कुकर ‘वॉर्म’वर, किंवा डिपचं भांडं गरम पाण्याच्या मोठ्या भांड्यात. खाली मेणबत्ती असलेली फाँड्यूची भांडी दिसायला सुरेख, पण दाट डिप मध्यभागी लागतं, म्हणून येता-जाता ढवळा. घट्ट झालं तर दूध घाला, पण ते गरम असू द्या. आणि मुळात वाढताना आपल्याला हवं त्यापेक्षा थोडं पातळच ठेवा. निवताना ते दाटतंच.

साय धरते ती वरचा थर सुकल्यामुळे. अधूनमधून झाकण ठेवा, धरलीच तर घोटून आत मिसळा.

१५. किती वेळ बाहेर राहिलं तर चालतं?

६० अंशांच्या वर गरम ठेवलं असेल तर प्रश्न फक्त पोताचा. निवलेलं डिप मात्र दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, आणि हवाच ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात. पाच ते साठ अंशांमध्ये जिवाणू झपाट्याने वाढतात. वास चांगला आहे, हा पुरावा धरू नका. दिवसभर टेबलावर राहिलेलं डिप पुन्हा तापवून वाचत नाही, ते टाकून द्यायचं.

१६. आदल्या दिवशी करून ठेवलं तर?

मैद्याचं आणि सायट्रेटचं डिप छान राहतं. पसरट भांड्यात लवकर निववा, पृष्ठभागाला चिकटेल असा प्लास्टिकचा कागद लावा आणि फ्रिजमध्ये ठेवा. तीन-चार दिवस चालतं. तापवताना दोन-तीन चमचे दूध घालून मंद आचेवर ढवळत, पूर्ण वाफाळेपर्यंत, म्हणजे ७४ अंशांपर्यंत न्या. मायक्रोवेव्ह असेल तर निम्म्या ताकदीवर ३०-३० सेकंद, दर वेळी ढवळून. थंड डिप स्लो कुकरमध्ये ठेवून तापवू नका. ते फार हळू तापतं आणि मधल्या धोक्याच्या तापमानात बराच वेळ राहतं.

फ्रीझरमध्ये नको. कॉर्नफ्लोअरचं डिप तर गोठून सुटलं की पाणी सोडतंच.

१७. ओव्हनमध्ये भाजतात ते डिप याहून वेगळं का?

हो. तिथे मुख्य भार क्रीम चीजवर असतो, त्यामुळे ढवळण्याची कटकट नाही आणि फुटण्याची भीतीही कमी. २२५ ग्रॅम मऊ क्रीम चीज, अर्धा कप सावर क्रीम, १५० ग्रॅम किसलेलं चीज, हवं ते निथळलेलं सामान, सगळं कालवून १८० अंशांवर २० ते २५ मिनिटं. कडेने बुडबुडे आले की बाहेर काढा. वर छान रंग चढेपर्यंत थांबलात तर कडेला तेल दिसू लागेल. रंग हवाच असेल तर शेवटची दोन मिनिटं वरची आच (ग्रिल) लावा आणि समोरून हलू नका.

१८. चीज शाकाहारी असतं का?

सगळं नसतं. दूध विरजवायला लागणारं रेनेट पारंपरिक पद्धतीत वासराच्या पोटातून मिळवतात. सूक्ष्मजीवांपासून किंवा वनस्पतींपासून मिळवलेलं रेनेटही वापरात आहे. वेष्टनावर वाचा. अस्सल पार्मिजानो रेज्यानोमध्ये, म्हणजे मूळ इटालियन पर्मेझानमध्ये, मात्र वासराचंच रेनेट असतं, नियमच तसा आहे.

१९. पाहुण्यांत कुणाला ग्लूटेन, तर कुणाला दूध चालत नाही. काय करू?

ग्लूटेनसाठी कॉर्नफ्लोअरची किंवा सायट्रेटची रीत (प्रश्न ७ आणि १२). बुडवायचे पदार्थही तपासा, आणि पाव बुडवलेल्या भांड्यात त्यांना वाढू नका, वेगळी वाटी भरून द्या.

लॅक्टोजचा त्रास असेल तर मुरलेल्या चीजमध्ये लॅक्टोज अगदी थोडं उरतं. बरंचसं निवळीबरोबर जातं, उरलेलं जिवाणू खातात. अडचण पातेल्यातल्या दुधाची. लॅक्टोजमुक्त दूध घेतलं तर कृतीत काहीच बदलावं लागत नाही. दुधाची ॲलर्जी ही वेगळी आणि गंभीर गोष्ट. तिथे चीज अजिबात नको. भिजवलेले काजू, उकडलेला बटाटा आणि न्यूट्रिशनल यीस्ट (चीजसारख्या चवीचं सुकं यीस्ट) वाटून केलेलं डिप वेगळ्या मिक्सरच्या भांड्यात करा, आणि काजू चालतात ना, हे आधी विचारून घ्या.

२०. चाळीस जण आहेत. सगळं चौपट केलं की झालं?

प्रमाण तेच राहतं, पण एका पातेल्यात करू नका. मोठ्या पातेल्यात तळ तापलेला आणि वरचं कोमट अशी स्थिती होते, ढवळणं पोचत नाही आणि डिप बुडाला लागतं. दूध-मैद्याचा सॉस एकदम मोठ्या पातेल्यात उकळून घ्या, मग तो दोन-तीन भांड्यांत काढून प्रत्येकात चीज वेगवेगळं घाला. एखादं भांडं बिघडलं तरी बाकीची हातात राहतात.